अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि कोरडी विहीर



आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखात पाऊस ७००-८०० मिलिमीटर. विहीर आटली की आपण म्हणतो, पाऊसच कमी, करणार काय? पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याला तो २५०० मिलिमीटरच्या वर कोसळतो. तिथेही एप्रिलात बाया हंडे घेऊन दरी उतरतात, पाडे टँकरची वाट पाहतात. तेव्हा सगळा दोष पावसाच्या माथी मारून भागणार नाही.

खडक त्यांचा आणि आपला एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, तोच हा काळा पत्थर. विहीर खोदणाऱ्याला थर तोंडपाठ असतात: मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच गेरूचा तांबडा पट्टा. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. किती? भूजलवाल्यांच्या हिशेबाने असल्या एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर मापाच्या खडकातून हाती येते साधारण २० लिटर. तेवढ्याच वाळूतून १६० लिटरच्या आसपास. एवढीशी आपली कोठी! मोखाड्यात ती लवकर भरते, मग वरून कितीही ओतो, पाणी ओढ्याला. पावसाळा सरला की भरलेलेही उतारावर भेगाभेगांतून निसटते. गेरूवर अडले तर कड्याला झरा फुटतो, तोही उन्हाळ्यात बारीक होतो. तिथली विहीर कुणी उपसली नाही तरी आटते.

निसटलेले पाणी खाली वैतरणेला मिळते. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले, मुंबईला दिवसाला ४५.५ कोटी लिटर देण्यासाठी. मुंबईने तहानलेले राहावे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या डोंगराचे पाणी, त्याच्या माथ्यावरच्या पाड्याला टँकर, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

आणि खोल बोअर मारा म्हणणाऱ्यापासून जपा. काळ्या पाषाणात भेग लागली तर नशीब, नाही तर कर्ज तेवढे खोल जाते. डोंगरावर झऱ्याच्या वरच्या अंगाला, मांजऱ्या उघडा पडतो तिथे पाणी जिरवावे. आपली जमीन त्यामानाने सपाट, आपली कोठी रिकामी होते ती मुख्यतः मोटारीने. म्हणून दिवाळीपासून दर पंधरवड्याला दोर सोडून विहिरीचे पाणी मोजा. कोणत्या थरातून पाझर लागतो तेही लिहा आणि ती वही पुढच्या बैठकीला घेऊन या.