कुपीवरचा बॅच नंबर

पावसाळा तोंडावर आला की हल्ली डॉक्टर मधुमेहाच्या, दम्याच्या आणि पासष्टी ओलांडलेल्या पेशंटला फ्लूची लस घ्यायला सांगतात. नागपूरकरांना २००९ आणि २०१५ चा स्वाइन फ्लू चांगला आठवतो. २०१५ मध्ये राज्य सरकारनं गरोदर बायका, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. बाकीच्यांना ती बहुधा विकतच घ्यावी लागते. आणि औषध विकत घ्यायचं म्हटलं की कायदा आलाच.

लसीचा कायदा म्हणजे मुख्यतः १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे नियम. रुक्ष प्रकरण आहे, पण त्यात एक गमतीची गोष्ट सापडते. इतर बहुतेक औषधं मंजुरीनंतर चार वर्षांनी 'नवीन' राहत नाहीत; लस मात्र २०१९ च्या नियमांप्रमाणे कायम 'नवीन औषध'च मानायची. फ्लूच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरं आहे. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सांगते. लसीवर तिचा हंगाम छापलेला असतो. मागच्या हंगामाची लस म्हणजे मागच्या वर्षाचं पंचांग.

विकणाऱ्याला साधा परवाना पुरत नाही. जैविक औषधांचा वेगळा परवाना लागतो, फ्रीज लागतो, फार्मासिस्टची देखरेख लागते, आणि ग्राहकाकडे डॉक्टरची चिठ्ठी लागते. डॉक्टरला स्वतःच्या पेशंटसाठी लस ठेवायला या परवान्यातून सूट आहे, पण ती परवानाधारकाकडूनच घ्यायची, खरेदीची नोंद ठेवायची आणि दवाखान्याचं दुकान करायचं नाही. टोचायचं काम डॉक्टरचं किंवा त्यांच्या सांगण्यावरून नर्सचं. इंग्लंडमध्ये फार्मासिस्टला तसा लेखी अधिकार दिलेला असतो, तो दुकानातच फ्लूची लस टोचतो. आपल्याकडे ती रीत नाही. त्यामुळे बऱ्याचदा लस दुकानातून दवाखान्यापर्यंत ग्राहकाच्या हातातून जाते, आणि नेमका तिथेच घोळ होतो.

लसीला २ ते ८ अंश तापमान लागतं. नागपूरचा मे ४५ अंशांचा. माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला, एका दुकानदारानं लस नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. दवाखाना दोन चौक पलीकडे, डॉक्टर यायचे तासाभरानं. नर्सबाईंनी पिशवी पाहिली आणि विचारलं, "बर्फ कुठाय, आपा?" त्यांनी टोचायला नकार दिला, आणि बरोबरच केलं. दुकानदार परत घेईना. पावतीवर बॅच नंबरच नव्हता, तेव्हा लस त्याच्याच दुकानातली हे तरी कशावरून दाखवायचं?

विकणारा एक, टोचणारा दुसरा. मग चुकलं कुणाचं? हा प्रश्न जुना आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचली गेली. त्या दिवशी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वातानं मेले आणि त्या एकोणिसांची लस एकाच बाटलीतली होती. बाटली मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली. प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्देमार हाफकिन यांच्यावर ठपका आला, काम हातातून गेलं. पण गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरले ते १९०७ मध्ये. ही चूक गावातली, हे ठरवायला आधार झाला तो त्या एकाच बाटलीचा माग. परळच्या त्या प्रयोगशाळेला पुढे १९२५ मध्ये हाफकिन यांचंच नाव दिलं गेलं.

आज लसीची प्रत्येक बॅच बाजारात येण्याआधी कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेसारख्या सरकारी प्रयोगशाळेतून तपासून जाते. इतकी मेहनत घेऊन दिलेला तो नंबर शेवटच्या माणसाजवळ मात्र बहुधा नसतोच.

हजला जाणाऱ्यांचं तसं नसतं. १९८७ मध्ये हजयात्रेत मेंदुज्वराची साथ आली, २००० आणि २००१ मध्ये पुन्हा आली, तेव्हा सौदी अरेबियानं चार प्रकारच्या जंतूंवरची लस सक्तीची केली. ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. प्रमाणपत्रावर लसीचा प्रकार लिहिलेला हवा; योग्य प्रकार असेल तर ते पाच वर्षं चालतं, प्रकारच लिहिला नसेल तर तीन. त्यामुळे नागपूरहून निघणारा म्हातारा हाजीसुद्धा ते कार्ड पासपोर्टइतकं जपतो. दूरच्या विमानतळावर कुणी विचारणार म्हणून आपण नीट लिहून घेतो. घरच्या फ्लूच्या लसीसाठी मात्र कुणी विचारत नाही, मग कुणी लिहीतही नाही.

पुढच्या वेळी आपानं आधी डॉक्टरांची वेळ घेतली, थर्मासात बर्फ नेला (लस बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही, गोठली तर ती वाया जाते), आणि टोचून झाल्यावर डबीवरचा नंबर, कंपनीचं नाव आणि तारीख आपल्या फाइलीत लिहून घेतली. डॉक्टर हसले, पण त्यांनी सही केली. लसीचा काही गंभीर त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री नंबरवर कळवता येतं. त्यासाठीच्या फॉर्मवर बॅच नंबरचा एक रकाना आहे.