शिबिर घेणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहावे
(तालुका शिबिरातील भाषण)



आम्ही पाड्यापाड्यावर जमीन आणि शेतीची शिबिरे घेतो. ऐकणारे पुष्कळ, बोलणारा एकटा. आमच्यात ज्याला कायदा येतो त्याला बियाणे येत नाही. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ टाकून भाताचे पोचट बी कसे काढायचे, हे जिला पक्के ठाऊक ती वनहक्काच्या सवालाला अडते. अडण्यात लाज नाही. पण एकटा माणूस अडला की अंदाजाने सांगतो, तिथे घात होतो.

वनहक्काच्या दाव्याला एकाहून जास्त पुरावे लागतात. गावातल्या जुन्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरतात. हे सांगायचे राहिले, तर घरात कागद नाही म्हणून माणूस दावाच करत नाही. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे जायचे असते. ते दिवस हुकले तर जमीन त्याची जाते, आमची नाही.

म्हणून आमचे तीन गोष्टींचे म्हणणे आहे. पाड्यावर दोघांनी जायचे, एक जुना, एक नवा. येत नाही तिथे "विचारून सांगतो" म्हणायचे, आणि पुढच्या बाजाराला खरेच सांगायचे. महिन्यातून एकदा शिबिर घेणाऱ्यांनीच बसायचे, तेही दिवसा, म्हणजे पोरींना येता येईल. कोण कुठे अडले ते बोलायचे. कोणी कोणाला हसायचे नाही.

नांगराला दोन बैल लागतात. आम्हालाही जोडी लागते.

जिंदाबाद!