मोल, भाव आणि मोबदला

वस्तूच्या किमतीसाठी मराठीत किती शब्द आहेत, हे ते रोज वापरणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. मंडईत विचारला जातो तो भाव, सरकारी पत्रकात छापला जातो तो दर, सोनाराच्या दुकानी ठरते ती किंमत, आणि कष्टाने जोडलेल्या गोष्टीला असते ते मोल. ‘मूल्य’ हा संस्कृत शब्द पंडितांनी अर्थशास्त्रासाठी राखून ठेवला; ‘किंमत’ अरबीतून आली आणि घरोघर रुळली. याच वाटेने आलेला आणखी एक शब्द आहे ‘मोबदला’. त्याचा मूळ अर्थ अदलाबदल असा आहे. अदलाबदलीस दोन पक्ष लागतात आणि दोघांचीही राजीखुशी लागते. कायद्यातील मूल्याचा सारा घोळ या राजीखुशीपाशी आहे.

जेथे दोन्ही पक्ष राजी असतात तेथे कायदा मूल्याच्या वाटेस फारसा जात नाही. 1872 च्या करार अधिनियमात याचे एक मासलेवाईक उदाहरण दिले आहे. हजार रुपये किमतीचा घोडा कोणी दहा रुपयांस देण्याचे कबूल केले आणि ती कबुली मोकळ्या मनाने दिली असेल, तर करार पक्का झाला. किंमत अपुरी आहे एवढ्याच कारणाने तो मोडत नाही. दहा रुपयांत घोडा देणारा मनुष्य खुळा की दिलदार, याची उठाठेव न्यायालय करीत नाही. देणाऱ्याने ‘मी मोकळ्या मनाने दिला नाही’ अशी तक्रार केली, तरच घोडा एवढ्या स्वस्तात का गेला हे न्यायालय पाहते. व्यापाराच्या दृष्टीने हे धोरण शहाणपणाचेच आहे. प्रत्येक सौद्याचे मोल न्यायाधीशाने ठरवावयाचे म्हटले, तर बाजार आठ दिवसही चालावयाचा नाही.

परंतु विकणारा मुळीच राजी नसेल तर काय करावयाचे?

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्रा नावाचे गाव आहे. हा सारा टापू नाचणीचा. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने येथे औद्योगिक वसाहत उभी केली, आणि आज त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस कारखाने, औषधनिर्मितीचे प्रकल्प व मोठी रुग्णालये दिसतात. अशा वसाहतींसाठी जमीन घेण्याचा अधिकार मंडळास 1966 च्या राज्य कायद्याने मिळाला. त्या कायद्यात उभयपक्षी तडजोडीने रक्कम ठरविण्याची सोय आहे. तडजोड न झाल्यास 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार घ्यावा, असे त्यात सांगितले होते. या जुन्या कायद्याने मालकास जमिनीचा ‘बाजारभाव’ देऊ केला. सकृद्दर्शनी यात वावगे काही नाही. पण जी जमीन बाजारात आलेलीच नाही, तिचा बाजारभाव काढावयाचा कसा?

न्यायालयांनी यावर काढलेली तोड म्हणजे एक कल्पित सौदा होय. असे धरून चालावयाचे की विकणारा विकावयास उत्सुक आहे, घेणारा घ्यावयास उत्सुक आहे, आणि दोघेही व्यवहार जाणणारे आहेत. हा सौदा संपादनाच्या प्राथमिक अधिसूचनेच्या दिवशी झाला असता तर किती रुपयांस झाला असता, तेवढे त्या जमिनीचे मूल्य. पुण्याच्या जमिनीविषयीच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली या हिशेबाची रीत तपशीलवार सांगितली. जवळपासच्या खऱ्या विक्रीखतांवरून आरंभ करावयाचा. मग रस्ता लगत असेल, आकार नीटनेटका असेल, तुकडा लहान असेल तर काही वाढवावयाचे. जमीन आत असेल, सखल असेल, क्षेत्र मोठे असेल तर काही वजा करावयाचे. लहान भूखंडाचा दर मोठ्या शेतास जसाच्या तसा लावता येत नाही, कारण शेताचे भूखंड पाडताना रस्ते व गटारे यांत बरीच जमीन जाते आणि पैसाही जातो. ही वजावट एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते.

हिशेब म्हणून ही रीत चोख आहे. तिच्यातील गोम अशी की ज्या विक्रीखतांवर ती उभी राहते, ती खते पुष्कळदा खोटे बोलतात. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतात कमी रक्कम लिहावयाची आणि उरलेली हातोहात द्यावयाची, ही चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. शेजाऱ्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेला खोटा आकडा मग जमीन गमावणाऱ्या कुळाच्या गळ्यात पडतो. सरकारने शुल्क बुडू नये म्हणून दरांची कोष्टके केली. महाराष्ट्रात त्यांस रेडी रेकनर म्हणतात, कर्नाटकात मार्गदर्शक मूल्य. पण शुल्क वसूल करण्यासाठी केलेले हे दर संपादनात बाजारभावाचा आधार म्हणून धरता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली म्हटले. म्हणजे एकाच शेताचे एकाच सरकारदरबारी दोन भाव! 2013 च्या नव्या केंद्रीय कायद्याने ही विसंगती बरीच दूर केली. आता मुद्रांकाचा दर व प्रत्यक्ष विक्रीची सरासरी यांत जो आकडा अधिक तो धरावा, ग्रामीण भागात तो दुपटीपर्यंत वाढवावा, आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी, असे त्यात आहे. जुन्या कायद्यात हा दिलासा शेकडा 15 होता. 1984 मध्ये तो 30 झाला.

दिलासा कशाचा, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या कायद्याच्या 24 व्या कलमाने काही गोष्टी हिशेबात धरावयाच्या नाहीत असे बजावले होते. जमीन सोडण्याची मालकाची नाखुशी ही त्यांतील एक. ज्या कामासाठी जमीन घेतली त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल तर ती वाढ, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचे मोल नाकारून तिच्याबद्दल शेकडा काही टक्के दिलासा द्यावयाचा, हा कायद्याचा संकोच समजण्याजोगा आहे. दुसरी गोष्ट अधिक कठीण. बोम्मसंद्र्याच्या जमिनीचे मोल वाढले ते वसाहत आली म्हणून. पण ती वाढ ज्याचे शेत गेले त्यास नाही, ज्याचे शेत हद्दीबाहेर राहिले त्यास मिळाली. बांधाच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांचे दैव सर्वेक्षकाच्या रेषेने वेगळे केले.

भावी उपयोगाचे मूल्य कायद्यास अगदीच अमान्य आहे असे मात्र नाही. विशाखापट्टणम बंदराजवळच्या एका जमिनीत पाण्याचा झरा होता. त्या पाण्याचा बंदरास उपयोग होता, आणि दुसरे गिऱ्हाईक दिसत नव्हते. अशा एकुलत्या एक गिऱ्हाइकानेच जमीन सक्तीने घेतली तरी झऱ्याच्या संभाव्य उपयोगाचे मोल द्यावे लागेल, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने 1939 साली दिला.

व्यापारात मूल्य नेहमी पुढेच पाहत असते. किरण मजुमदार-शॉ यांनी 1978 साली 10 हजार रुपयांच्या भांडवलावर बंगळुरात बायोकॉन ही कंपनी काढली. बोम्मसंद्र्यात आज तिचे मोठे आवार आहे. 2004 साली तिचे समभाग बाजारात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी कंपनीचे बाजारमूल्य शंभर कोटी डॉलरांच्या पलीकडे गेले. हे मूल्य इमारतींचे नव्हते, यंत्रांचेही नव्हते. उद्या ती काय करील यावरच्या विश्वासाचे होते. शेतकऱ्याच्या उद्याची किंमत मात्र अधिसूचनेच्या तारखेस गोठवली जाते.

हा विश्वास सरकारने घेतला तर त्याचे पैसे द्यावयाचे की नाही, हा प्रश्न मुंबईच्या रुस्तम कावसजी कूपर यांनी न्यायालयात नेला. 1969 च्या जुलैत 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. कूपर हे त्यांपैकी काही बँकांचे भागधारक. 10 फेब्रुवारी 1970 रोजी अकरांपैकी दहा न्यायाधीशांनी तो कायदा रद्द ठरविला. त्याचे एक मोठे कारण असे की, मोबदल्याच्या हिशेबात बँकेच्या नावलौकिकाचे मोल धरलेच नव्हते. चालत्या धंद्याचे मूल्य त्याच्या खुर्च्या-टेबलांच्या बेरजेएवढे नसते, हा त्यातील मुद्दा. चारच दिवसांनी नवा वटहुकूम निघाला आणि पुढे संसदेने प्रत्येक बँकेसाठी ठराविक आकडाच कायद्यात लिहून टाकला. बेरीज 87 कोटी 40 लाख. 1971 च्या 25 व्या घटनादुरुस्तीने तर मोबदला हा शब्दच काढला आणि तेथे ‘रक्कम’ हा शब्द घातला. रक्कम एकट्यानेही ठरविता येते. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, एवढे उरले.

2025 च्या ऑगस्टमध्ये बंगळूरची पिवळी मेट्रो सुरू झाली. तिचे शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा. फलकावर गावाच्या नावाआधी एका कंपनीचे नाव आहे. गावच्या नावाशेजारी आपले नाव असावे, यालाही आता मोल आले आहे. घेणाराही राजी होता आणि देणाराही, म्हणून त्यासाठी कोणत्याही न्यायालयास कल्पित सौदा रचावा लागला नाही.