टपाल आपले, पेटी कोणाची?



आजचा विषय वरकरणी रुक्ष आहे. थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारख्या कार्यक्रमात ई-मेलचे खाते जोडावयास बसले की एक प्रश्न पुढे येतो : पॉप की आयमॅप? पुष्कळ मंडळी बोट पडेल तिथे टिचकी मारून मोकळी होतात. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, हा प्रश्न यंत्राचा कमी आणि जबाबदारीचा अधिक आहे. आपल्या पत्राची अस्सल प्रत कोणाच्या घरी राहणार आणि ती सांभाळणार कोण, हे त्या टिचकीने ठरते. पेन्शनचे कागद, विम्याच्या पावत्या, परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे आता याच वाटेने येतात. तेव्हा ती टिचकी डोळसपणे मारलेली बरी.

प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलावयाची ठरलेली रीत. पत्र पाठविण्याची रीत निराळी आहे. तिचे नाव एसएमटीपी, आणि ती १९८२ साली नियमबद्ध झाली. तिच्याविषयी आपल्याला निवड करावयाची नाही. निवड आहे ती आलेले पत्र घेण्याच्या रीतीची.

त्यांतली पहिली पॉप, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. तिचा पहिला मसुदा १९८४ सालचा. आज चालते ती तिसरी आवृत्ती १९८८ साली आली आणि १९९६ साली तिला सध्याचे रूप मिळाले. तिचे काम नावाप्रमाणेच सरळ. आपला संगणक टपालकचेरीत, म्हणजे सर्व्हरवर जातो, नाव व परवलीचा शब्द सांगतो, किती पत्रे आली ते विचारतो, ती उचलतो आणि घरी परततो. परतताना 'आता तिथली प्रत काढून टाका' असेही बहुधा सांगतो. येथे एक शहाणपणाची सोय आहे : रीतसर निरोप घेतल्यावाचून सर्व्हर काहीही पुसत नाही. मध्येच तार तुटली, तर पत्रे जागच्या जागी राहतात.

ही रीत ज्या काळात रुजली त्या काळाला ती शोभणारी होती. आपल्या देशात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून, तास मोजून मिळे. अशा वेळी फोन लावावा, पत्रे उचलावी, फोन ठेवावा आणि मग स्वस्थपणे वाचीत बसावे, हाच काटकसरीचा मार्ग होता. पूर्वी घरोघरी वाचून झालेले पत्र तारेला ओवून ठेवीत. पॉप ही त्या तारेची रीत होय. तार आपल्या घरात, पत्र आपल्या ताब्यात.

दुसरी रीत आयमॅप. ती स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली आखली. तिची नवी आवृत्ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिचा विचारच वेगळा. पत्रे सर्व्हरवरच राहावयाची. आपण कोठूनही जाऊन ती वाचावयाची. हे वाचनालयासारखे आहे. पुस्तक वाचनालयाचे कपाट सोडीत नाही, खुर्ची मात्र कोणतीही घ्या. कोणते पत्र वाचले, कोणाला उत्तर दिले, कशावर खूण केली, कोणते कोणत्या कप्प्यात ठेवले, या साऱ्या नोंदी सर्व्हरवरच होतात. म्हणून सकाळी मोबाइलवर वाचलेले पत्र दुपारी संगणकावरही वाचलेलेच दिसते. पॉपला यांतले काही ठाऊक नाही. ती एकच पेटी ओळखते, आणि आपण पाठविलेली पत्रे तर ज्या यंत्रावरून पाठविली तिथेच राहतात.

आता दोहोंचे धोके पाहू. समजा, एका गृहस्थांनी दहा वर्षांची पत्रे पॉपने संगणकात उतरवून घेतली आणि सर्व्हर रिकामा होत गेला. एके दिवशी संगणकाची डिस्क बंद पडली. तार तुटली आणि पत्रेही गेली! सर्व्हरकडे मागावे तर तिथे काही शिल्लक नाही.

यावरून कोणी म्हणेल, 'मग आयमॅप घेतले की झाले.' नाही. वाचनालयातले पुस्तक एका वाचकाने फाडले तर ते सर्वांचेच फाटते. तद्वत आयमॅपमध्ये मोबाइलवरून पुसलेले पत्र संगणकावरूनही जाते. चार यंत्रांवर पत्र दिसते म्हणून चार प्रती आहेत, असा समज करून घेऊ नये. ते एकाच प्रतीचे दर्शन असते. शिवाय कपाट परक्याचे. त्याची जागा मर्यादित, आणि नियम त्याचे. गूगलने २०२३ साली जाहीर केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह काढून टाकण्यात येतील. घरातल्या वडीलधाऱ्यांचे एखादे खाते असे निपचित पडलेले असेल, तर याचा अर्थ आपल्या ध्यानी येईल.

मग निवड कशी करावी? स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी टपाल किती यंत्रांवर वाचतो? एकाहून अधिक असतील, तर आयमॅप घ्या. आज बहुतेकांसाठी हेच उत्तर आहे. दुसरा प्रश्न : अस्सल प्रत माझ्याच घरी असावी असा माझा आग्रह आहे काय? एकच संगणक असेल आणि त्यातील मजकुराची नियमाने दुसरी प्रत काढण्याची शिस्त असेल, तर पॉप खुशाल घ्या. सर्व्हरवर प्रत राहू देण्याचा पर्याय तेवढा सुरू ठेवा.

पॉपवरून आयमॅपवर येऊ इच्छिणाऱ्यांनी जुने खाते आधी काढून टाकू नये. तेच खाते शेजारी आयमॅपने जोडावे, जुनी पत्रे ओढून नव्या कप्प्यात टाकावी, ती सर्व्हरवर पोचल्याची ब्राउझरमध्ये खात्री करावी, आणि मगच जुन्यास निरोप द्यावा. रीत कोणतीही असो, जोडणी सांकेतिक असावी : पॉपसाठी ९९५ आणि आयमॅपसाठी ९९३ हे क्रमांक त्याकरिता आहेत.

दोन्ही रीती आपापल्या कामी प्रामाणिक आहेत. एक पत्र आणून देते, दुसरी ते दाखविते. जतन करणे हे काम मात्र दोघींपैकी एकीनेही पत्करलेले नाही. ते आपलेच आहे. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, मोलाच्या पत्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर घेऊन ठेवा. घरातल्या आणखी एकाला ती कोठे आहे हे सांगून ठेवा.