‘मोर’पासून ‘हमर’पर्यंत



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेने मागे वळून पाहावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. मंडळाचा गणेशोत्सव, नाटके आणि हळदीकुंकू यांचे स्मरण पूर्ववक्त्यांनी केलेच आहे. आम्ही मात्र आपले लक्ष मंडळाच्या आवाराबाहेर, रायपूरच्या कडेला उभ्या राहिलेल्या शासकीय घरकुलांकडे वेधू इच्छितो.

२००५ साली सुरू झालेल्या नागरी नवनिर्माण योजनेत आपले शहर समाविष्ट झाले आणि कचना, सड्डू, भाठागाव या भागांत गरीब कुटुंबांसाठी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. पुढे प्रधानमंत्री आवास योजना आली. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी राज्यात जी योजना निघाली, तिचे नाव ‘मोर मकान, मोर आस’. माझे घर, माझी आशा! छत्तीसगढी बोलीतील हे नाव आम्हांस फार आवडते. परंतु ‘मोर’ हा शब्द आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. उंबरठ्यापलीकडचा जिना कोणाचा? गच्चीवरील पाण्याची टाकी कोणाची? तळमजल्यामागे तुंबलेली नाली कोणाची? या प्रश्नांचे उत्तर ‘हमर’, म्हणजे आमचे, असे जोवर येत नाही, तोवर इमारत उभी राहते; शेजार उभा राहत नाही.

जुन्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दारिद्र्य होते, पण ओळख होती. हातपंपावर, ओट्यावर, तलावाच्या घाटावर माणसे एकमेकांस भेटत. नव्या इमारतीत निरनिराळ्या वस्त्यांतील कुटुंबे चिठ्ठी टाकून शेजारी आली. दार लावले की ज्याचा तो. जिन्यातील दिवा गेला तर चौथ्या मजल्यावरील म्हातारी अंधारात चाचपडते. पण दिवा कोणी लावावा, हे ठरत नाही. आणि प्रश्न केवळ दिव्याचा नाही. २०१८ आणि २०२० साली आपल्या शहरातील काही वस्त्यांत काविळीची साथ आली, हे आपणांस आठवतच असेल. नालीतून गेलेली नळवाहिनी गळू लागली की घाण पाण्यात मिसळते आणि त्याची किंमत माणसे जिवाने मोजतात. ती गळती सर्वांत आधी कोणाच्या दृष्टीस पडते? तिच्याशेजारी राहणाऱ्यांच्याच. पण पाहणाऱ्याने ते कोणास सांगावे, हे ठरलेले नसेल तर पाहूनही उपयोग होत नाही.

या कामात आम्ही प्रथम सपशेल फसलो, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळाचे सात-आठजण अशाच एका वसाहतीत गेलो. सतरंजी अंथरली, ध्वनिक्षेपक लावला आणि स्वच्छतेवर व्याख्यान दिले. श्रोत्यांत मुलेच अधिक होती. निघताना एक वृद्ध बाई म्हणाल्या, “तुमन आथव, भासन देथव, अउ चल देथव.” तुम्ही येता, भाषण देता आणि निघून जाता! आम्ही निरुत्तर झालो. वर्षभर तेथे राहणाऱ्या माणसांस काय हवे आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही रिकाम्या हातांनी गेलो आणि फक्त विचारले. स्वच्छतेचे नाव कोणी काढले नाही. सर्वांनी सांगितले, जिन्यात दिवा हवा. तीन दिवसांत त्या जिन्यावरील घरांनी थोडी थोडी वर्गणी काढून दिवा लावला. त्याची किल्ली त्याच वृद्ध बाईंच्या हाती दिली. नालीचा विषय त्यानंतर त्यांनीच काढला.

हा धडा छत्तीसगढला नवा नाही. २००२ साली येथे मितानिन कार्यक्रम सुरू झाला. मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जिवाचा मित्र. हे नाते येथील लोक रक्ताच्या नात्याइतके पाळतात. आरोग्यसेविकेला हे नाव देण्यात आणि तिची निवड तिच्याच पाऱ्याकडे सोपविण्यात मोठे शहाणपण होते. बाहेरून आलेल्या शिक्षितेचे जे ऐकले गेले नसते, ते शेजारणीचे ऐकले गेले. पुढे देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, तेव्हा हा अनुभव उपयोगी पडला. अंबिकापुरात २०१५ पासून बचत गटांतील स्त्रियांनी घरोघरचा कचरा गोळा करून, तो वेगळा करून विकण्याचे काम हाती घेतले आणि त्या लहानशा शहराचे नाव देशभर झाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्या स्त्रियांना या कामाचा मोबदला मिळतो. निगमाने पगारी माणसांकडून करून घ्यावयाचे काम गरिबांनी सेवेच्या नावाखाली फुकट करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नाली साफ करणे हे निगमाचे कर्तव्य. ती साफ झाली की नाही हे पाहणे आणि न झाल्यास एकमुखाने विचारणे, हा रहिवाशांचा अधिकार.

आपल्या मराठी माणसांस हे पटवून देण्याची गरज पडू नये. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो चाळकऱ्यांच्या बळावर. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी १८६५ साली गरिबांच्या काही जुन्या घरांची व्यवस्था हाती घेतली. भाड्यातून उरलेल्या रकमेने कोणती सुधारणा करावयाची, हे त्या भाडेकरूंना ठरवू देत. आणि आपल्याच शहरात, ज्यांच्या नावाने लाखेनगर ओळखले जाते, त्या वामनराव लाखे यांनी सहकाराची मुहूर्तमेढ रोवली. लोकांचा कारभार लोकांनी हाती घ्यावा, ही शिकवण आम्हांस दूर शोधावयास नको.

यास्तव मंडळापुढे आमचे चार प्रस्ताव आहेत. पहिला, संपूर्ण वसाहतीऐवजी एकच जिना निवडावा. आठ-दहा घरे एकमेकांस नावाने ओळखू लागली की पुढचे सोपे होते. दुसरा, प्रत्येकास एकच निश्चित काम सांगावे आणि त्याची मुदतही सांगावी. ‘समाजकार्य करा’ म्हटले की कोणी येत नाही. ‘महिनाभर दर मंगळवारी टाकीचे झाकण पाहा’ म्हटले की माणूस येतो. तिसरा, बैठक रात्री जेवणानंतर घ्यावी. दिवसा मजुरी बुडवून कोणी येणार नाही, आणि स्त्रियांना चूल आवरल्यावाचून येता येत नाही. चौथा, तक्रारीची वही रहिवाशांनीच लिहावी. ती घेऊन पार्षदांकडे जाताना आम्ही सोबत जाऊ, परंतु बोलतील ते रहिवासी. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात प्रभागाला स्थान दिले आहे; ते स्थान भरून काढावयाचे तर तेथे बोलणारी माणसे हवीत.

मंडळाकडून आम्ही पैसा मागत नाही. आम्ही महिन्यातील दोन रविवार मागतो आहोत. नाटकाच्या तालमीस महिनोन्महिने येणाऱ्या आपल्या सभासदांस हे जड जाऊ नये. पन्नास वर्षांपूर्वी परक्या शहरात आलेल्या काही कुटुंबांनी एकमेकांची दारे ठोठावली, म्हणून हे मंडळ जन्मास आले. तेव्हा आपणही भाड्याच्या खोल्यांत राहणारे, अनोळखी भाडेकरूच होतो. ते दार ठोठावणे आज आपणांकडून दुसऱ्यांपर्यंत पोहोचावे, एवढीच आमची प्रार्थना आहे. त्या वृद्ध बाईंकडे आम्ही अद्याप जातो; आता त्या आम्हांस भाषणाची आठवण करून देत नाहीत, चहा देतात.