पहिल्या दिवसाची धार

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तेलविहिरींशी माझा संबंध पेट्रोलपंपापुरता. तरी आज त्यांच्याविषयी बोलणार आहे, कारण त्यांचं गणित मला आमच्या आसगावच्या शेतातल्या बोअरने शिकवलं.

भंडारा जिल्ह्यातला आमचा हा भाग धानाचा. खाली कातळ, पाणी असतं ते कातळाच्या भेगांत. मी कॉलेजात असताना अब्बांनी बोअर मारली. तीन इंच पाणी लागलं. अम्मीने मोहल्ल्यात साखर वाटली. ती धार पाहून अब्बांनी कर्ज उचललं आणि सगळ्या बांध्यांत उन्हाळी धान लावलं. मार्चमध्ये मोटार हवा ओढू लागली. धान निसवायच्या वेळी वाळलं, आणि कर्जापायी बैलजोडी विकावी लागली. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘‘भाई, पहिल्या दिवशी आलं ते साठलेलं पाणी. झिरपून किती येते, ते मोजायचं राहिलं.’’

पुढे शेल तेलाविषयी वाचताना हेच वाक्य आठवत राहिलं. १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हायचं तेल सच्छिद्र चुनखडीत आहे. तिथे ते खडकातून वाट काढत विहिरीकडे येतं. शेल हा घट्ट, पापुद्र्यांचा खडक. त्यात वाटच नसते. म्हणून विहीर खोल नेऊन आडवी वळवतात आणि प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडून खडकाला भेगा पाडतात. भेगांजवळचं तेल आधी धावत येतं. वर्षभरात धार बहुधा निम्म्याहून खाली जाते. नंतर बारीक धार वर्षानुवर्षं चालते.

एकूण तेल किती मिळेल, हे या बारीक धारेवर बरंचसं ठरतं. घटत्या उत्पादनाचा आलेख पुढे कसा वाढवायचा, याची सूत्रं आर्प्स नावाच्या अभियंत्याने १९४५ साली मांडली. ती आजही वापरतात. पण ती साध्या विहिरींसाठी होती. शेलच्या पहिल्या काही महिन्यांवरून तोच आलेख ओढला, तर शेपूट फार लांबतं. समजा, पाच वर्षांनी विहीर वर्षाला १० पिंपं देते. पुढे दरवर्षी १० टक्के घट धरली, तर सर्व वर्षांची बेरीज १०० पिंपं. ५ टक्के धरली, तर २००! विहीर तीच, फक्त आपला भरवसा बदलला. आणि कर्ज त्या भरवशावर मिळतं.

शिवाय जमिनीत आहे ते सगळं वर येत नाही, आणि येतं ते सगळं परवडत नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी शेलमधून १,३७० कोटी पिंपं तेल काढता येईल, असा अमेरिकी सरकारी अंदाज होता. २०१४ मध्ये तो ६० कोटींवर आणावा लागला. खडक होता तिथेच होता. विहिरी अपेक्षेइतकं देत नव्हत्या.

पहिला दिवस उलटाही फसवतो. बंगालमधल्या राणीगंजला कोळशाच्या थरांतून मिथेन काढतात. तिथे आधी पाणी उपसावं लागतं. दाब उतरला की वायू सुटू लागतो आणि काही काळ वाढत जातो. घाई करणारा ती विहीर वांझ समजेल.

अब्बांनी मात्र त्या वर्षानंतर वही केली. दर पंधरवड्याला मोटार किती मिनिटं सलग पाणी देते, ते लिहायचे. कार्तिकात पंचावन्न, पौषात तीस, फाल्गुनात अकरा. दुसऱ्या वर्षी त्यांनी उन्हाळी धानाची एकच बांधी केली. बाकीच्या बांध्यांत आधीच लाखोरी टाकली होती. ती बांधी पिकली.

एक फरक मात्र विसरू नये. आमच्या बोअरला मृगाचा पाऊस थोडंफार भरून देतो. तेलाच्या विहिरीला मृग नाही. म्हणून तिथे वही अधिक काटेकोर हवी, आणि साखर वाटायची घाई कमी.