फरीदची वेलांटी



मला 'शिक्षणातले प्रयोग' यावर बोलायला सांगितलंय. प्रयोग हा फार मोठा शब्द झाला. आम्ही चौघं दर रविवारी वस्तीतल्या एका खोलीत दुसरीची मुलं घेऊन बसतो आणि खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी शब्द लिहायला शिकवतो, एवढंच. ठोकळे मोठे घेतो, कारण सोबत आलेली धाकटी भावंडं लहान तुकडे तोंडात घालतात.

कल्पना आमची नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत बालगृह उघडलं. तिथली मुलं सुटी अक्षरं जुळवत शब्द लिहायला शिकली. आम्ही फक्त ठोकळ्यांवर चिकटपट्टी लावून मार्करने अक्षरं लिहिली. निळ्यावर अक्षर, पिवळ्यावर ऱ्हस्व वेलांटी, लालवर दीर्घ.

आपल्या बऱ्याच मुलांच्या घरी दखनी बोलतात आणि शाळेत मराठी. ती शाळेत बोलतात बिनधास्त, पण वही काढली की गप्प. वहीत चूक झाली की लाल गोल येतो, तो जात नाही. ठोकळा काढला की चूक गेली. मी स्वतः लाल गोलांच्या वह्या घरी लपवलेला मुलगा आहे, म्हणून हे मला जास्त जाणवत असेल.

आता 'जमीन' हा शब्द घ्या. घरात रोजचा आहे, मूळचा फारसी. ज, म, मग लाल वेलांटी, शेवटी न. याला 'वर' लावायचं तर 'जमिनीवर'. म ची लाल वेलांटी काढायची, पिवळी म च्या आधी बसवायची, आणि तिला जागा करायला ज डावीकडे सरकवायचा. नियम तोंडपाठ करून मला दहा वर्षं कळला नव्हता, तो इथे हाताला कळतो. 'गरीब' चं 'गरिबाला', 'वजीर' चं 'वजिराला'. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीच्या वळणाने वाकतात, हे बघताना मला अजून मजा वाटते.

ळ आणि ण मात्र ठोकळ्यांनी सुटत नाहीत. ते कानाचं काम, तिथे गप्पाच माराव्या लागतात.

तर एक मुलगा. खरं नाव सांगत नाही, फरीद म्हणू. 'गरिबाला' जुळवल्यावर त्याने आपल्या नावाची लाल वेलांटी उपसली आणि 'फरिदाला' केलं. सगळे हसले. मी म्हटलं, "माणसाचं नाव असं बदलत नाही. 'फरीदला' म्हणायचं, वेलांटी तशीच."

तो म्हणाला, "सर, पण माझी बदलते."

पुढच्या रविवारी त्याची आई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. जन्मदाखल्यावर 'फरीद', शाळेच्या रजिस्टरला 'फरिद', रेशनकार्डावर तिसरंच, 'फरिध'. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अशी पिशवी आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. एकट्या 'मोहम्मद' ची किती रूपं आपल्या कागदांवर फिरतात! कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, कुठेतरी ती वेलांटी आडवी येतेच. दहावी झाल्यावर दुरुस्ती आणखी जड जाते.

आम्ही तिन्ही नावं पाटीवर एकाखाली एक जुळवली. फरीदने बराच वेळ बघितलं, मग खालच्या दोन ओळी उचकटून डब्यात टाकल्या. आईने शाळेत दुरुस्तीचा अर्ज दिला. तिला मराठी लिहिता येत नाही, म्हणून अर्जातलं नाव त्यानेच लिहिलं. लिहिताना लाल पेन मागत होता, वेलांटीपुरता.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. आणि लाल ठोकळे कमी पडतायत. कुणाच्या घरी जुने पडले असतील, तर पुढच्या बैठकीला घेऊन या.